पडद्यावरच्या मॅन्युअलमध्ये हवी ती माहिती कशी शोधावी

एका गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदार बाई आमच्या संध्याकाळच्या संगणक वर्गात एक साधी अडचण घेऊन आल्या होत्या. देखभाल शुल्काच्या तक्त्यात शंभराहून अधिक सदनिका होत्या, आणि पडदा खाली सरकवला की मथळ्याची ओळ वर निघून जाई. मग कोणता रकाना सिंकिंग फंडाचा आणि कोणता पार्किंगचा, हे पाहायला दर वेळी पुन्हा वर जावे लागे. त्या लिबरऑफिसमधील कॅल्क हा तक्ते करण्याचा प्रोग्रॅम वापरत होत्या. त्यांनी एफ१ दाबून हेल्प उघडली आणि 'हेडिंग' हा शब्द इंग्रजीत टाइप केला, तेव्हा पत्रात मथळे कसे द्यावेत याची पाने समोर आली. मग 'टॉप लाइन' शोधले, तर रेघा आणि किनारी यांची माहिती मिळाली. पंधरा मिनिटांनी त्यांनी हेल्प बंद केली आणि मथळ्याची ओळ दर वीस ओळींनंतर पुन्हा टाइप केली. पुढे बेरीज चुकू लागली, ती याच कारणाने.

त्यांना हवी असलेली माहिती त्या हेल्पमध्ये व्यवस्थित लिहिलेली होती. फक्त ती 'फ्रीज' या शब्दाखाली होती, आणि तक्त्याची ओळ गोठवायची असते हे माहीत नसलेल्या माणसाला तो शब्द सुचणे शक्यच नव्हते. पडद्यावरच्या मॅन्युअलमध्ये माणसे अडतात ती बहुतेक वेळा याच जागी. आपल्या मनात असते ती तक्रार, आणि मॅन्युअलमध्ये असते ते त्या सोयीचे किंवा भागाचे नाव. या दोन शब्दांची गाठ घालणे हेच शोधण्याचे खरे काम आहे, आणि पुढील पायऱ्या त्यासाठीच आहेत. संगणकाची, मोबाइलची किंवा घरातील एखाद्या यंत्राची पुस्तिका पडद्यावर पहिल्यांदाच उघडणाऱ्या वाचकाला समोर ठेवून त्या लिहिल्या आहेत.

आधी पुस्तिका आपलीच आहे ना, ते पाहावे

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून वगळली जाते आणि मग तास वाया जातो. यंत्र असेल तर त्याच्या मागे किंवा तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवून घ्यावा, कारण एकाच नावाच्या दोन यंत्रांत शेवटच्या एका अक्षराचा फरक असतो आणि तेवढ्याने बटणांची मांडणी बदलते. मी स्वतः एका प्रिंटरचे वायफाय सुरू करण्यासाठी पुस्तिकेत सांगितलेले बटण जवळजवळ अर्धा तास शोधले होते. माझ्या प्रिंटरला वायफाय नव्हतेच, आणि मी वाचत होतो ती त्याच मालिकेतील पुढच्या मॉडेलची पुस्तिका होती. एकाच पुस्तिकेत तीन-चार मॉडेलांची माहिती एकत्र दिलेली असेल, तर 'फक्त काही मॉडेलांवर उपलब्ध' अशी बारीक टीप पानाच्या तळाशी असते, तीही पाहावी.

प्रोग्रॅम असेल तर त्याची आवृत्ती पाहावी. लिबरऑफिसमध्ये 'हेल्प' मेनूच्या तळाशी असलेल्या 'अबाउट' या ओळीत ती मिळते. खजिनदार बाईंना हवी असलेली आज्ञा आजच्या आवृत्त्यांत 'व्ह्यू' मेनूत आहे, पण जुन्या आवृत्त्यांत ती 'विंडो' मेनूत होती. त्यामुळे जुने लेखन वाचून नव्या प्रोग्रॅममध्ये शोधणाऱ्याला 'आपल्याकडे ही सोयच नाही' असे वाटू शकते.

समोर आहे ते कोणत्या जातीचे आहे?

पडद्यावरच्या पुस्तिका साधारण तीन प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीत शोधण्याची रीत वेगळी असते. पहिली प्रोग्रॅमसोबत येणारी हेल्प, जी एफ१ दाबल्यावर उघडते. दुसरी वेबवर अनेक पानांत विभागलेली. तिसरी पीडीएफ, म्हणजे छापील पुस्तकच जसेच्या तसे पडद्यावर.

नवख्या माणसाची सर्वांत मोठी फसगत दुसऱ्या प्रकारात होते. कंट्रोल आणि एफ ही बटणे एकत्र दाबली की ब्राउझर फक्त समोर उघडलेल्या पानात शोधतो, सबंध मॅन्युअलमध्ये नाही. दोनशे पानांच्या मॅन्युअलचे एकच पान उघडे असताना 'शून्य निकाल' असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ त्या एका पानावर तो शब्द नाही, एवढाच होतो. सबंध मॅन्युअलमध्ये शोधण्यासाठी त्या मॅन्युअलची स्वतःची शोधचौकट वापरावी लागते. ती बहुधा वरच्या किंवा डाव्या बाजूला असते आणि तिथे भिंगाचे चित्र असते. योग्य क्रम असा, की आधी मॅन्युअलच्या चौकटीतून पान गाठावे आणि मग त्या लांब पानातील नेमकी ओळ कंट्रोल-एफने गाठावी. पानावर काही मजकूर घडी घालून ठेवलेला असेल आणि मथळ्याशेजारचा बाण दाबल्यावरच तो उलगडत असेल, तर त्या घड्या आधी उघडाव्यात, कारण मिटलेल्या घडीतील शब्द ब्राउझरला सापडेलच असे नाही.

पीडीएफमध्ये मात्र कंट्रोल-एफ सबंध पुस्तकात शोधते. एंटर दाबले की पुढचा निकाल आणि शिफ्ट धरून एंटर दाबले की मागचा, ही सवय बोटांना लावून घ्यावी. निकाल शंभराच्या घरात असतील, तर एकेक पाहत बसण्याऐवजी ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एफ एकत्र दाबावे. मग प्रत्येक निकाल त्याच्या आजूबाजूच्या चार शब्दांसह यादीत दिसतो आणि नजर फिरवूनच उपयोगाचे कोणते ते कळते. अनेक घरगुती यंत्रांच्या पीडीएफमध्ये तोच मजकूर दहा-बारा भाषांत एकामागून एक असतो. आपली भाषा कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत आहे हे पहिल्या पानावर पाहून ठेवले, की निकालांची गर्दी आपोआप कमी होते.

हेल्पच्या बाबतीत एक सोपी गोष्ट फारशी कोणी वापरत नाही. शोधण्यापूर्वी आपण अडलो आहोत ती खिडकी उघडी ठेवावी आणि तिच्यातच असलेले 'हेल्प' हे बटण दाबावे. मग हेल्प पहिल्या पानापासून सुरू न होता त्या खिडकीविषयीच्या पानावर उघडते आणि शब्द शोधण्याचा प्रश्नच उरत नाही. लिबरऑफिसमध्ये शिफ्ट आणि एफ१ दाबले की माउसच्या बाणाचे प्रश्नचिन्ह होते. ते एखाद्या चित्रबटणावर नेले की त्या बटणाचे काम थोडक्यात दिसते. नाव माहीत नाही पण चित्र समोर आहे, अशा वेळी हा मार्ग फार उपयोगी पडतो, कारण त्यातून ते नाव हाती लागते आणि ते घेऊन पुढे शोधता येते.

तक्रारीचा शब्द आणि पुस्तिकेचा शब्द

आता मुख्य कामाकडे येऊ. अमेरिकेतील बेल कम्युनिकेशन्स रिसर्च या संस्थेतील फर्नस, लँडाउअर, गोमेझ आणि ड्यूमे या संशोधकांनी १९८७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. एकाच वस्तूला किंवा कृतीला माणसे आपणहून काय नाव देतात, हे त्यांनी अनेक प्रकारच्या उदाहरणांत तपासले, तेव्हा दोन माणसांनी तोच शब्द निवडण्याची शक्यता प्रत्येक वेळी वीस टक्क्यांपेक्षा कमी निघाली. म्हणजे मॅन्युअल लिहिणाऱ्याचा शब्द आपल्याला पहिल्या फटक्यात न सुचणे हा आपला अडाणीपणा नव्हे. वर्गात मी हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण पहिला शब्द चुकला की 'आपल्याला हे जमायचे नाही' असे म्हणून प्रौढ माणसे हात आखडता घेतात. पाचातल्या चार वेळा शब्द जुळणार नाही, असे धरूनच शोधायला बसावे आणि पहिल्यापासूनच तीन-चार शब्द कागदावर लिहून घ्यावेत.

ते शब्द कसे काढायचे, हे खजिनदार बाईंच्या उदाहरणावरून पाहू. त्यांचे वाक्य होते, 'वरची ओळ हलू नये.' या वाक्यातील वस्तू वेगळी काढली तर मिळते ओळ, म्हणजे 'रो'. ती कोणत्या गोष्टीचा भाग आहे, असे विचारले तर मिळते 'शीट' किंवा 'टेबल'. ती कोणत्या कामाची आहे, असे विचारले तर मिळते 'हेडर'. आणि तिचे काय व्हायला हवे, असे विचारले तर 'फिक्स', 'लॉक', 'फ्रीज', 'पिन' असे शब्द मनात येऊ लागतात. यांपैकी वस्तूचा शब्द बहुधा खात्रीचा असतो आणि क्रियेचा शब्द डळमळीत. म्हणून शोधाची सुरुवात वस्तूच्या शब्दाने करावी आणि क्रियेचा शब्द निकालांच्या यादीत नजरेने शोधावा. 'रो' हा शब्द टाकून आलेल्या यादीत 'फ्रीझिंग रोज ऑर कॉलम्स ॲज हेडर्स' असे पान दिसते, आणि ते दिसले की ओळखायला वेळ लागत नाही. शब्द आठवण्यापेक्षा समोर आलेला शब्द ओळखणे केव्हाही सोपे असते. तक्रारीचे सबंध वाक्य टाइप करणे मात्र टाळावे, विशेषतः त्यात 'नाही' असेल तर. कारण मॅन्युअलमध्ये 'ओळ हलत नाही' असे कुठेच लिहिलेले नसते, तिथे 'ओळ कशी गोठवावी' असेच असते.

क्रियेच्या शब्दाने शोधायचेच असेल, तर शब्दाचे शेपूट तोडून टाइप करावे. इंग्रजीत 'फ्रीज' या शब्दाचे शेवटचे 'ई' हे अक्षर सोडून उरलेली पाच अक्षरे कंट्रोल-एफच्या चौकटीत लिहिली, की 'फ्रीज' आणि 'फ्रीझिंग' ही दोन्ही रूपे सापडतात. इंग्रजी स्पेलिंगचाही एक घोळ आपल्याकडे हमखास होतो. शाळेत आपण 'कलर' आणि 'सेंटर' ही ब्रिटिश स्पेलिंगे शिकलो, मॅन्युअल मात्र बहुधा अमेरिकी स्पेलिंगांत असते, त्यामुळे 'कलर' शोधताना फक्त पहिली चार अक्षरे लिहावीत, म्हणजे पुढे 'यू' असो वा नसो, शब्द सापडेल. 'सेटअप'सारखे शब्द कधी जोडून, कधी तोडून आणि कधी मध्ये लहान रेघ देऊन छापलेले असतात. तिथे फक्त पूर्वार्ध शोधावा. मॅन्युअलच्या स्वतःच्या शोधचौकटीत मात्र अर्धा शब्द चालेलच असे नाही, तिथे पूर्ण शब्द द्यावा.

यंत्रांच्या पुस्तिकांत हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. आपण म्हणतो 'लाल दिवा लुकलुकतोय'. पुस्तिका म्हणते 'एरर इंडिकेटर फ्लॅशेस', आणि दुसरी एखादी म्हणते 'लॅम्प ब्लिंक्स'. दिव्याला 'लाइट', 'लॅम्प', 'इंडिकेटर', 'एलईडी' अशी चार नावे असू शकतात. अशा वेळी शब्द शोधण्याच्या आधी यंत्राच्या चित्राचे पान गाठावे. जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत सुरुवातीला यंत्राचे चित्र आणि प्रत्येक भागाला बाणाने जोडलेले नाव असते. आपला दिवा चित्रात ओळखला की त्याचे त्या पुस्तिकेपुरते अधिकृत नाव मिळते, आणि पुढे तेवढेच नाव शोधावे. पडद्यावर एखादा संकेतांक दिसत असेल, उदाहरणार्थ एक अक्षर आणि दोन आकडे, तर तो जसाच्या तसा टाइप करावा. संकेतांकाला समानार्थी शब्द नसतो. फक्त शून्य आणि 'ओ' हे अक्षर यांत गल्लत होत नाही ना, ते पाहावे.

अनुक्रमणिका आणि शब्दसूची यांना कमी लेखू नये

शोधचौकट आल्यापासून अनुक्रमणिका कोणी उघडत नाही, हे मला पटत नाही. शब्द सापडत नसेल तेव्हा अनुक्रमणिकाच उपयोगी पडते, कारण तिथे काही आठवावे लागत नाही, फक्त वाचावे लागते. पीडीएफ उघडल्यावर डाव्या बाजूला तिचा पट्टा दिसत नसेल, तर 'बुकमार्क' किंवा 'आउटलाइन' या नावाचे बटण दाबून तो उघडावा. आपला प्रश्न पहिल्यांदा बसवण्याविषयीचा आहे, रोजच्या वापराविषयीचा आहे की बिघाडाविषयीचा, एवढे ठरवले की बहुतेक पुस्तिकांचा दोन तृतीयांश भाग बाजूला पडतो. बिघाड असेल तर थेट 'ट्रबलशूटिंग' या प्रकरणावर जावे. तिथे तक्ता असतो आणि त्याच्या पहिल्या रकान्यात लक्षणे दिलेली असतात. सबंध पुस्तिकेत तक्रारीच्या भाषेत लिहिलेली तेवढीच जागा असते, म्हणून तो रकाना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढावा. तो क्वचितच दोन पानांहून लांब असतो.

शब्दसूची, म्हणजे पुस्तिकेच्या शेवटी दिलेली शब्दांची आणि त्यांच्या पानांची यादी (इंग्रजीत 'इंडेक्स'), ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. ती माणसाने विचार करून केलेली असते, आणि चांगला सूचीकार एकाच पानाकडे तीन-चार शब्दांतून वाट काढून देतो. लिबरऑफिसच्या हेल्पमध्ये ओळ गोठवण्याचे ते पान 'टेबल्स', 'हेडर्स', 'रोज' अशा वेगवेगळ्या नोंदींखाली मिळते. एका शब्दाने दार बंद असले तर सूचीत दुसरे उघडे असते, ते असे. पुस्तिकेला सूची आहे की नाही हे पाहायला पीडीएफच्या अगदी शेवटच्या पानांवर जावे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस, फर्नस आणि लँडाउअर जिथे काम करत होते त्याच संस्थेत, 'सुपरबुक' नावाची एक प्रणाली तयार झाली होती. शब्द शोधला की अनुक्रमणिकेतील कोणत्या प्रकरणात तो किती वेळा आला आहे, तो आकडा ती मथळ्याशेजारी दाखवत असे. आजच्या अनेक मॅन्युअलांत ही सोय नाही, पण ती हाताने करता येते: निकालांची यादी समोर आली, की कोणता निकाल कोणत्या प्रकरणातील आहे ते पाहावे, आणि एकाच प्रकरणात निकालांचा घोळका दिसला तर आधी तिथे जावे. सुरक्षिततेच्या सूचनांत आणि प्रस्तावनेत आलेले निकाल बेलाशक सोडून द्यावेत.

मराठीतून शोधताना

मराठी मजकुरात शोधताना काही अडचणी अशा येतात, ज्यांचा इंग्रजीतून लिहिलेल्या कोणत्याही मार्गदर्शनात उल्लेख नसतो. त्या माहीत नसल्या तर माहिती समोर असूनही 'सापडले नाही' असे उत्तर येते.

पहिली अडचण जुन्या फाँटांची. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रूढ होण्याआधी, आणि काही छापखान्यांत त्यानंतरही बराच काळ, श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटांत मजकूर जुळवला जाई. अशा पीडीएफमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आतमध्ये संगणकाने रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. त्यामुळे आपण युनिकोडमध्ये 'कागद' असे टाइप केले, तर तो शब्द पानावर दहा वेळा दिसत असूनही शोध शून्यावर थांबतो. तपासण्याची रीत सोपी आहे: एक ओळ माउसने निवडून कॉपी करावी आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करावी. मराठी मजकूर नीट उमटला तर शोध चालेल, आणि रोमन अक्षरांची खिचडी उमटली तर तिथे शोधाचा नाद सोडून अनुक्रमणिकेवर यावे. ओळ निवडताच आली नाही, सबंध पानच चित्रासारखे निवडले गेले, तर ते पान स्कॅन केलेले आहे आणि त्यात शोधायला मजकूरच नाही.

दुसरी अडचण युनिकोडमधील मजकुरातही येते. 'ॲप' या शब्दातील पहिले अक्षर दोन प्रकारे टाइप करता येते: 'ॲ' हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा 'अ', मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह आणि मग अर्धचंद्र, असे तीन तुकडे जोडून. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे त्याआधीच्या सवयीने टाइप केलेला मजकूर आजही भरपूर आहे. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. शोधणाऱ्या यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. असेच 'प्रिंटर' आणि 'प्रिन्टर', 'फाइल' आणि 'फाईल', तसेच देवनागरी '५' आणि रोमन पाच यांचे होते. उपाय तोच, शब्द तोडण्याचा: ज्या भागात जोडाक्षर, अनुस्वार किंवा शंकास्पद ऱ्हस्व-दीर्घ नाही, तेवढाच तुकडा शोधावा. 'प्रिंटर'ऐवजी नुसते 'टर' शोधले तर काही फालतू निकाल येतील, पण हवा असलेला निसटणार नाही. पीडीएफमध्ये पहिली वेलांटी असलेले शब्द अनेकदा आतल्या आत विस्कटलेले असतात, तेव्हा वेलांटीवाला शब्दही शक्यतो टाळावा.

तिसरी अडचण भाषांतराची. एकच आज्ञा कुठे 'जतन करा', कुठे 'साठवा' आणि कुठे सरळ 'सेव्ह करा' अशी येते. 'धारिका' म्हणजे फाइल की फोल्डर, यावर आमच्या वर्गात दोनदा वाद झाला आहे. मोबाइल मराठीत ठेवला आणि मॅन्युअल इंग्रजी असले, तर 'विमान मोड' हे 'एअरप्लेन मोड'चे भाषांतर आहे हे कळते, पण सगळीच नावे इतकी सरळ नसतात. अशा वेळी मी बिनदिक्कत सांगतो, की सेटिंगमधून भाषा तात्पुरती इंग्रजी करावी, मॅन्युअलमध्ये सांगितलेली ओळ गाठावी, ती वरून कितवी आहे आणि तिच्याशेजारी कोणते चित्र आहे हे लक्षात ठेवावे आणि भाषा पुन्हा मराठी करावी. ओळीची जागा आणि चित्र भाषेबरोबर बदलत नाही. भाषा बदलण्याआधी, ती बदलण्याच्या पानापर्यंत जाण्याचा मार्ग मात्र लिहून ठेवावा, नाहीतर परत येताना पंचाईत होते.

पान सापडल्यावर

सापडलेले पान वाचताना माणसे क्रमांक दिलेल्या पायऱ्यांवर थेट उडी मारतात. आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरोल यांनी १९८०च्या दशकात नवख्या वापरकर्त्यांचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा लोक वाचत बसण्याऐवजी लगेच करून पाहू लागतात, असेच त्यांना आढळले. हा स्वभाव बदलायचा नाही, त्याला थोडा लगाम घालायचा आहे: पहिल्या पायरीच्या वरच्या दोन ओळी आणि पहिली पायरी शब्दशः वाचावी. ओळ गोठवण्याच्या पानावर पहिल्या पायरीत लिहिले आहे, की जी ओळ गोठवायची तिच्या खालची ओळ निवडावी. खजिनदार बाईंनी घाईत मथळ्याचीच ओळ निवडली, आज्ञा दिली आणि काही झाले नाही म्हणून हेल्प खोटी ठरवली. मथळा पहिल्या ओळीत असेल तर दुसरी ओळ निवडायची. ओळ आणि सदनिका क्रमांकाचा रकाना दोन्ही गोठवायचे असतील तर ओळीच्या खालची आणि रकान्याच्या उजवीकडची तक्त्यातील एकच चौकट (सेल) निवडायची, आणि मग 'व्ह्यू' मेनूतून 'फ्रीज रोज अँड कॉलम्स' ही आज्ञा द्यायची. पुन्हा तीच आज्ञा दिली की ओळ सुटते.

मॅन्युअल आणि काम या दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. विंडोजमध्ये विंडोज बटण धरून डावा बाण दाबला की खिडकी पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात बसते आणि उजवा बाण दाबला की उजव्या. एक पायरी वाचावी, ती करावी, पडदा मॅन्युअलमध्ये सांगितल्यासारखा दिसतो का ते पाहावे आणि मगच पुढची वाचावी. दुव्यावर दुवा दाबत दूर गेलो तर आल्ट आणि डावा बाण दाबून मागच्या जागी परतता येते. पीडीएफमध्ये पान क्रमांक टाकून जायचे असेल, तर प्रस्तावनेची पाने वेगळी मोजलेली असल्याने कागदावरचा ४० आणि पडद्यावरचा ४० यांत आठ-दहा पानांचा फरक पडू शकतो, हे लक्षात ठेवावे.

पानाच्या तळाशी दिलेले दुवे आणि टिपा मात्र वाचल्याशिवाय पान बंद करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ओळ गोठवण्याच्या पानाखाली एक छोटी टीप आहे: एखादी ओळ छापताना प्रत्येक पानावर यावी असे वाटत असेल, तर 'फॉरमॅट' मेनूतील 'प्रिंट रेंजेस' आणि त्यातील 'एडिट' येथे जावे. गोठवलेली ओळ फक्त पडद्यावर थांबते, कागदावर नाही. खजिनदार बाईंना वार्षिक सभेसाठी तक्ता छापायचा होता, म्हणजे पुढच्याच आठवड्यात त्यांना हा दुसरा प्रश्न पडणार होता, आणि 'मथळा प्रत्येक पानावर हवा' ही तक्रार पहिल्या तक्रारीसारखीच ऐकू येत असली तरी तिचे उत्तर सर्वस्वी वेगळ्या नावाखाली आहे.

तरीही सापडले नाही तर

तीन-चार शब्द, अनुक्रमणिका आणि सूची एवढे करून वीस मिनिटांत उत्तर मिळाले नाही, तर थांबावे. लिबरऑफिसच्या ७.२ आणि त्यापुढील आवृत्त्यांत 'हेल्प' मेनूत 'सर्च कमांड्स' अशी सोय आहे. तिच्यात शब्द टाकला की मेनूतील आज्ञाच समोर येतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २०१६च्या आवृत्तीपासून आल्ट आणि क्यू दाबून अशीच चौकट गाठता येते. एक्सेलमध्ये ओळ गोठवण्याचे नाव 'फ्रीज पेन्स' आणि प्रत्येक पानावर मथळा छापण्याचे नाव 'प्रिंट टायटल्स' असे आहे. एका प्रोग्रॅममधील नाव माहीत असेल तर दुसऱ्यात आधी तेच टाकून पाहावे, निम्मे तरी जुळते.

कोणाला विचारायची वेळ आली, तर तीन गोष्टी लिहून न्याव्यात: मॉडेल किंवा आवृत्ती, पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, आणि आपण कोणकोणते शब्द शोधून पाहिले ते. तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही, पण जाणकाराला आपले डोके कुठे अडले आहे ते तिच्यावरूनच कळते.

उत्तर मिळाल्यावर ते वहीत दोन रकान्यांत उतरवावे: डावीकडे आपली तक्रार आपल्या शब्दांत, उजवीकडे पुस्तिकेचा शब्द आणि मेनूचा मार्ग. खजिनदार बाईंच्या वहीत पहिल्या पानावर डावीकडे लिहिले आहे, 'वरची ओळ पळते', उजवीकडे 'फ्रीज, व्ह्यू मेनू, खालची ओळ निवडणे'. त्याखाली 'छापताना मथळा येत नाही' आणि त्याच्यासमोर 'प्रिंट रेंजेस, एडिट, रोज टू रिपीट'. तिसऱ्या ओळीत डावीकडे 'पाच लिहिले की मे महिना येतो' असे आहे, आणि उजवीकडची जागा अजून कोरी आहे.